मुक्तस्रोत रिपॉझिटरींमधील खुला व मर्यादित प्रवेश

एखाद्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पाचा सोर्स कोड, त्यातील बदलांचा इतिहास आणि त्यासंबंधीच्या नोंदी कोणी वाचाव्यात, कोणी बदलाव्यात व कोणी प्रसिद्ध कराव्यात, हे ठरवणाऱ्या नियमव्यवस्थेस त्या प्रकल्पाची प्रवेशव्यवस्था म्हणतात. सोर्स कोड आणि त्याचा बदल-इतिहास जेथे साठवला जातो त्या जागेला रिपॉझिटरी किंवा कोडभांडार असे म्हणतात. बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्पांत वाचण्याचा अधिकार सर्वांना असतो, लिहिण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडे असतो, आणि सुरक्षेशी संबंधित काही नोंदी ठरावीक काळापुरत्या गोपनीय ठेवल्या जातात.

‘मुक्त’ या शब्दामुळे अशा प्रकल्पात कोणीही कोणताही बदल करू शकतो, असा समज होण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात मुक्तस्रोत परवाना सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य देतो. मूळ प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत लिहिण्याचा हक्क तो कोणालाही देत नाही. स्वतःच्या प्रतीत बदल करण्यास प्रत्येक जण मोकळा असतो, परंतु तो बदल मूळ प्रकल्पात घ्यावयाचा की नाही, हे त्या प्रकल्पाचे चालक ठरवतात. जगभरातील सर्व्हर, भ्रमणध्वनी आणि बँकांच्या संगणक प्रणाली या कोडवर अवलंबून असल्याने, कोणता दरवाजा उघडा ठेवावा व कोणता बंद, हा प्रश्न प्रकल्पाबाहेरील लोकांच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे.

परवाना आणि रिपॉझिटरी यांतील फरक

परवाना हा कायदेशीर दस्तऐवज असतो, तर रिपॉझिटरीवरील अधिकार ही व्यवस्थापनाची बाब असते. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. जीपीएल हा सुप्रसिद्ध परवाना सॉफ्टवेअरचे वितरण करणाऱ्याने सोर्स कोडही उपलब्ध करून द्यावा, असे बंधन घालतो. मात्र काम चालू असलेली रिपॉझिटरी जगासमोर उघडी ठेवावी, अशी अट त्यात नाही. त्यामुळे परवाना पूर्णतः मुक्त आणि विकासप्रक्रिया पूर्णतः बंद, अशी स्थितीही संभवते.

या दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे ‘फोर्क’, म्हणजेच मूळ कोडची प्रत घेऊन स्वतंत्र प्रकल्प सुरू करण्याची मुभा. चालकांनी लिहिण्याचा अधिकार मूठभर लोकांकडे ठेवला आणि ते मनमानी करू लागले, तर असमाधानी सहभागींना कोड घेऊन बाहेर पडता येते. या शक्यतेमुळे मर्यादित लेखनाधिकार ही मक्तेदारी ठरत नाही. १९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या विकासप्रक्रियेविषयी असमाधानी असलेल्या विकासकांनी ‘ईजीसीएस’ नावाचा फोर्क सुरू केला. तो अधिक खुल्या पद्धतीने चालवला गेला आणि १९९९ मध्ये त्यालाच अधिकृत जीसीसीचा दर्जा देण्यात आला.

इतिहास

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. त्या काळात मुक्त सॉफ्टवेअर मुख्यतः ‘टारबॉल’ या एकत्रित संचिकेच्या रूपाने, चुंबकीय फितींवर किंवा एफटीपी सर्व्हरवरून वितरित होत असे. वापरकर्त्याला तयार आवृत्ती मिळत असे. दोन आवृत्त्यांच्या दरम्यान कोणी, केव्हा आणि कोणता बदल केला, हे सहसा विकासकांपुरतेच मर्यादित राही. सीव्हीएससारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालींमुळे अनेक विकासकांना एकाच रिपॉझिटरीवर काम करणे शक्य झाले, पण रिपॉझिटरी पाहण्यासाठीदेखील सर्व्हरवर खाते असणे आवश्यक होते.

थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने ही मर्यादा मोडली. चक क्रॅनर यांच्या साहाय्याने तेथे ‘अनामिक सीव्हीएस’ची सोय उभारण्यात आली. त्यामुळे खाते नसलेल्या कोणालाही रिपॉझिटरी तिच्या संपूर्ण इतिहासासह वाचता येऊ लागली. लिहिण्याचा अधिकार मात्र निवडक विकासकांकडेच राहिला. वाचन सर्वांस खुले आणि लेखन मर्यादित, ही आज सर्वत्र आढळणारी विभागणी अशा प्रयत्नांतून रूढ झाली.

२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या विकासासाठी ‘गिट’ ही प्रणाली तयार केली. तत्पूर्वी कर्नलसाठी बिटकीपर ही व्यापारी प्रणाली वापरली जात होती; तिचा विनामूल्य वापर संपुष्टात आल्यामुळे पर्यायाची गरज निर्माण झाली. गिटमध्ये प्रत्येक प्रतीत प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास असतो. म्हणून बदल तयार करणे, त्यांची नोंद करणे आणि शाखा काढणे यांसाठी मूळ सर्व्हरवर लेखनाधिकार लागत नाही. सहभागी स्वतःच्या प्रतीत काम करतो आणि ते स्वीकारावे अशी विनंती मूळ प्रकल्पाकडे करतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या संकेतस्थळामुळे ही ‘पुल रिक्वेस्ट’ पद्धत सर्वदूर पोहोचली.

अधिकारांचे स्तर

प्रकल्पागणिक नावे वेगळी असली, तरी अधिकारांचे पुढील स्तर सर्वसाधारणपणे आढळतात.

वाचन : कोड, इतिहास व चर्चा पाहणे, तसेच प्रत घेणे. हा अधिकार सहसा सर्वांना असतो.

प्रस्ताव : त्रुटी नोंदवणे, पॅच पाठवणे किंवा पुल रिक्वेस्ट करणे. यासाठी बहुधा केवळ नोंदणी पुरते. २००४ पासून लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक पॅचसोबत, तो देण्याचा अधिकार आपणास असल्याचे प्रमाणित करणारी स्वाक्षरीची ओळ जोडावी लागते.

परीक्षण व छाननी : इतरांचे प्रस्ताव तपासणे, त्रुटींच्या नोंदींचे वर्गीकरण करणे. या टप्प्यावर विश्वास संपादन करणाऱ्यांची पुढील अधिकारासाठी निवड होते.

लेखन : बदल मूळ रिपॉझिटरीत दाखल करणे. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत अशा व्यक्तीस ‘कमिटर’ म्हणतात. प्रकल्पाची व्यवस्थापन समिती त्या व्यक्तीचे पूर्वीचे काम पाहून तिची निवड करते.

प्रकाशन : अधिकृत आवृत्ती तयार करून ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवणे.

प्रशासन : इतरांना अधिकार देणे किंवा काढून घेणे, रिपॉझिटरी हलवणे अथवा बंद करणे.

लेखन आणि प्रकाशन हे अधिकार वेगळे आहेत, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. वापरकर्ते रिपॉझिटरीतील कोड क्वचितच थेट घेतात. ते तयार पॅकेज घेतात. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या मूळ लेखकाने, स्वतः ते वापरत नसल्यामुळे, मदतीस तयार झालेल्या एका अनोळखी व्यक्तीकडे प्रकाशनाचा अधिकार सोपवला. त्या व्यक्तीने एक नवे अवलंबित पॅकेज जोडले आणि त्यातून बिटकॉइन साठवणाऱ्या एका विशिष्ट ॲपला लक्ष्य करणारा कोड पसरवला. हा अधिकार मिळवण्यासाठी कुठलेही कुलूप तोडावे लागले नव्हते.

गोपनीयतेची कारणे

खुल्या प्रकल्पातही काही गोष्टी बंद ठेवाव्या लागतात. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे दुरुस्त न झालेल्या सुरक्षात्रुटींची माहिती. अशी त्रुटी प्रथमच जाहीर केल्यास, दुरुस्ती तयार होण्यापूर्वी हल्लेखोरांना तिचा वापर करता येतो. म्हणून त्रुटी शोधणारा ती प्रकल्पाच्या सुरक्षा पथकाला खासगीरीत्या कळवतो आणि दुरुस्तीसह ती जाहीर करण्याचा दिवस ठरवला जातो. या मधल्या काळास ‘एम्बार्गो’ म्हणतात. लिनक्स वितरणांच्या सुरक्षा पथकांच्या सामायिक बंद गटात हा काळ जास्तीत जास्त १४ दिवसांचा असावा, असा नियम आहे. मुदत जितकी लांबते, तितके माहिती असणारे लोक वाढतात आणि ती फुटण्याचा धोकाही वाढतो. शिवाय तोपर्यंत सामान्य वापरकर्ता अनभिज्ञ व असुरक्षित राहतो.

सार्वजनिक रिपॉझिटरीत गुप्त दुरुस्ती करणे किती कठीण असते, हे ‘मेल्टडाउन’ या प्रोसेसरमधील त्रुटीच्या वेळी दिसून आले. ती जून २०१७ मध्ये इंटेलला कळवण्यात आली आणि जाहीर करण्यासाठी ९ जानेवारी २०१८ हा दिवस ठरला होता. त्याआधी लिनक्स कर्नलमध्ये स्मृती-व्यवस्थापनाशी संबंधित एक मोठा बदल नेहमीपेक्षा फार वेगाने स्वीकारला जाऊ लागला. बदलाचे खरे कारण लिहिलेले नसले, तरी एवढी घाई पाहून जाणकार वाचकांनी गंभीर त्रुटीचा अंदाज बांधला आणि अखेर ३ जानेवारी रोजीच माहिती जाहीर करावी लागली. खुल्या रिपॉझिटरीत बदलाची वेळ आणि गतीसुद्धा माहिती पुरवते.

बंद कप्पा सुरक्षित असेलच, असेही नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिला प्रकल्पात त्रुटींच्या बहुतांश नोंदी सार्वजनिक असतात व सुरक्षाविषयक नोंदी मर्यादित लोकांनाच दिसतात. सप्टेंबर २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केले की विशेषाधिकार असलेल्या एका सदस्याचे खाते हल्लेखोराच्या हाती लागून अशा नोंदी वाचल्या गेल्या. त्या सदस्याने तोच पासवर्ड दुसऱ्या एका संकेतस्थळावरही वापरला होता. त्यानंतर विशेषाधिकार असलेल्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची करण्यात आली आणि प्रत्येकाचे अधिकारक्षेत्र कमी करण्यात आले. गोपनीय माहिती एकत्र साठवली की ती साठवणूकच हल्ल्याचे लक्ष्य बनते.

पासवर्ड, स्वाक्षरीच्या खासगी किल्ल्या, वापरकर्त्यांची वैयक्तिक माहिती आणि सदस्यांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारी याही सार्वजनिक रिपॉझिटरीबाहेर ठेवल्या जातात. एखादी किल्ली चुकून सार्वजनिक रिपॉझिटरीत गेली, तर ती पुढच्या बदलात पुसून टाकणे पुरेसे नसते. ती इतिहासात आणि इतरांनी घेतलेल्या प्रतींमध्ये कायम राहते. अशा वेळी ती किल्ली रद्द करून नवी घेणे हाच उपाय असतो.

उल्लेखनीय घटना

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या रिपॉझिटरीच्या एका सीव्हीएस प्रतीत अनधिकृत बदल आढळला. तुलनेसाठी लागणाऱ्या दोन बरोबर-चिन्हांऐवजी तेथे एकच चिन्ह होते. त्यामुळे ‘वापरकर्ता क्रमांक शून्य आहे का’ असे विचारण्याऐवजी तो क्रमांक शून्य केला जात असे, म्हणजेच सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळत. मूळ रिपॉझिटरी बिटकीपरमध्ये होती. तेथे या बदलाची नोंद नसल्याने विसंगती लक्षात आली आणि तो वापरकर्त्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच काढून टाकण्यात आला.

ऑगस्ट २०११ मध्ये कर्नलच्या वितरणाचे मुख्य ठिकाण असलेल्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. गिटमधील प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयावरून व मागील नोंदींवरून गणिताने ठरते आणि जगभर हजारो लोकांकडे पूर्ण प्रती होत्या. त्यामुळे जुना कोड कोणाच्याही लक्षात न येता बदलणे शक्य नव्हते. असे असूनही ते सर्व्हर काही आठवडे बंद ठेवून पुन्हा उभारण्यात आले आणि विकासकांना सर्व्हरवर थेट काम करण्यासाठी दिलेला प्रवेश बंद करून केवळ गिटपुरते मर्यादित अधिकार देण्यात आले.

२८ मार्च २०२१ रोजी पीएचपी या भाषेच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर दोन घातक बदल दाखल झाले. ते भाषेचे जनक रास्मुस लेरडॉर्फ आणि प्रमुख विकासक निकिता पोपोव्ह यांच्या नावे होते. गिटमध्ये लेखकाचे नाव हा केवळ मजकूर असतो; तो कोणीही हवा तसा लिहू शकतो. खरी ओळख सर्व्हरची पडताळणी किंवा अंकीय स्वाक्षरी यांवरूनच पटते. हे बदल परीक्षणात काही तासांतच पकडले गेले. त्यानंतर प्रकल्पाने स्वतःचा सर्व्हर सोडून गिटहबवरील रिपॉझिटरी अधिकृत केली आणि दुहेरी पडताळणी अनिवार्य केली.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाने ‘एक्सझेड युटिल्स’ या संचिका-संक्षेपण संचातील मागील दरवाजा जाहीर केला. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक वेळ का लागतो, याचा शोध घेताना त्यांना तो आढळला होता. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून उपयुक्त पॅच पाठवून विश्वास संपादन केला होता. प्रकल्प बराच काळ प्रामुख्याने एकाच स्वयंसेवकाच्या खांद्यावर होता. २०२२ मध्ये काही अपरिचित खात्यांनी कामाच्या संथपणाबद्दल त्याच्यावर दबाव आणला आणि कालांतराने जिया तानला लेखन व प्रकाशनाचे अधिकार मिळाले. घातक भाग चाचणीच्या संचिकांमध्ये दडवलेला होता. तो कार्यान्वित करणारी ओळ मात्र सार्वजनिक रिपॉझिटरीत नव्हती, ती केवळ ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये होती. रिपॉझिटरी खुली होती, पण लोक वापरत होते ते टारबॉल, आणि त्या दोहोंची तुलना कोणी करत नव्हते. घटना उघड झाल्यावर गिटहबने ती रिपॉझिटरी काही काळ बंद केली. त्यामुळे प्रसार रोखण्यास मदत झाली असली, तरी तपास करणाऱ्यांना मूळ इतिहास पाहणे अवघड झाले, अशी टीका झाली.

खुला परवाना, बंद विकास

काही प्रकल्प कोड खुला ठेवूनही सहभाग मर्यादित ठेवतात. एसक्यूलाइट हा डेटाबेस सार्वजनिक अधिकारक्षेत्रात आहे. कोणीही तो कोणत्याही कारणासाठी वापरू शकतो. मात्र कोडच्या कायदेशीर स्थितीविषयी शंका राहू नये म्हणून बाहेरील व्यक्तींचे पॅच त्यात सहसा घेतले जात नाहीत. अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले की यापुढे सर्व विकास कंपनीच्या अंतर्गत शाखेत होईल आणि कोड आवृत्तीसोबत प्रसिद्ध केला जाईल. वापरकर्त्यांचे परवान्याने दिलेले हक्क यामुळे बदलत नाहीत, परंतु काम चालू असताना ते पाहण्याची संधी उरत नाही.

जून २०२३ मध्ये रेड हॅट कंपनीने आपल्या एंटरप्राइझ लिनक्सचा कोड सार्वजनिकरीत्या देणे थांबवून तो ग्राहकांपुरता मर्यादित केला. सेंटओएस स्ट्रीमची रिपॉझिटरी तेवढी खुली राहिली. हा निर्णय परवान्याच्या अटींत बसतो, असे कंपनीचे म्हणणे होते. तो मुक्तस्रोताच्या परंपरेशी विसंगत आहे, असे टीकाकारांचे मत होते.

रिपॉझिटरी ज्या मंचावर असते, त्याचे नियमही प्रवेशावर परिणाम करतात. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ मध्ये गिटहबने इराण, सीरिया व क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खासगी रिपॉझिटरींवर मर्यादा आणल्या, मात्र सार्वजनिक रिपॉझिटरी खुल्या राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये इराणपुरती परवानगी मिळाल्याचे कंपनीने जाहीर केले.

भारतातील उदाहरण

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे आणि शासकीय प्रणालींचा सोर्स कोड खुला करण्याविषयीचे धोरण जाहीर केले. कोविड-१९ महासाथीत २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या आरोग्य सेतू या ॲपचा कोड सुरुवातीस बंद होता. वापरकर्त्याचे स्थान आणि संपर्क नोंदवणाऱ्या या ॲपच्या खासगीपणाविषयी प्रश्न उपस्थित झाल्यानंतर, मे २०२० च्या अखेरीस त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड गिटहबवर प्रसिद्ध करण्यात आला. सर्व्हरवरील कोड मात्र त्या वेळी खुला नव्हता. गोळा झालेल्या माहितीचे पुढे काय होते, हे केवळ ॲपच्या कोडवरून तपासता येत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. प्रणालीचा कोणता भाग खुला आहे, हा प्रश्न ती खुली आहे की नाही या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो.

मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअरही याच पद्धतीने विकसित होते. त्याची रिपॉझिटरी सर्वांना वाचता येते. नोंदणी केलेल्या कोणालाही बदल सुचवता येतो. तो परीक्षणानंतरच स्वीकारला जातो. सुरक्षात्रुटींच्या नोंदी मात्र दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत मर्यादित लोकांनाच दिसतात. मीडियाविकीच्या पडद्यावर दिसणारे मराठी शब्द स्वयंसेवक ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर अनुवादित करतात आणि ते तेथून सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट होतात. अनुवादकाला कोडमध्ये लिहिण्याचा अधिकार लागत नाही. कामापुरताच अधिकार देण्याचे हे साधे उदाहरण आहे.

समतोलाच्या प्रचलित पद्धती

वरील अनुभवांतून अनेक प्रकल्पांनी काही पद्धती स्वीकारल्या आहेत. प्रत्येकाला त्याच्या कामास आवश्यक तेवढाच अधिकार दिला जातो आणि दीर्घकाळ निष्क्रिय असलेल्यांचे अधिकार काढून घेतले जातात. मुख्य शाखेत कोणालाही, अगदी ज्येष्ठ विकासकालाही, दुसऱ्याच्या परीक्षणाविना बदल दाखल करता येऊ नये, अशी तांत्रिक व्यवस्था केली जाते. नोंदी व आवृत्त्यांवर अंकीय स्वाक्षरी केली जाते. प्रसिद्ध केलेले पॅकेज रिपॉझिटरीतील कोडपासूनच तयार झाले आहे, हे कोणालाही पडताळता यावे यासाठी ‘पुनरुत्पादनक्षम बांधणी’चा अवलंब केला जातो. गोपनीय नोंदींना मुदत घातली जाते आणि ती संपताच, त्या का लपवल्या होत्या या कारणासह, त्या उघड केल्या जातात.

मर्यादा

खुलेपणामुळे तपासणी शक्य होते, पण ती आपोआप घडत नाही. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेली ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी दोन वर्षांहून अधिक काळ सर्वांसमोर असलेल्या कोडमध्ये होती. दुसरीकडे, लेखनाधिकाराचे कडक नियमन बाहेरच्या घुसखोराला रोखते. विश्वास संपादन करून आत आलेल्याला ते रोखू शकत नाही, हे एक्सझेड प्रकरणाने दाखवले. परीक्षणासाठी किमान दोन माणसे लागतात आणि असंख्य लहान प्रकल्प एकाच व्यक्तीच्या फावल्या वेळेवर चालतात. अशा प्रकल्पांत अधिकारांची कितीही चोख विभागणी आखली, तरी ते अधिकार सांभाळणारी पुरेशी माणसे मिळेपर्यंत ती कागदावरच राहते.